कोरलेला उजेड : जर्मन अभिव्यक्तिवादी काष्ठमुद्राचित्रांतील चेहरा

युरोपीय व्यक्तिचित्रणाच्या परंपरेत छायाप्रकाशाचा विचार पंधराव्या-सोळाव्या शतकांपासून एका गृहीतावर उभा राहिला. चेहरा ही घन वस्तू मानली जाते, प्रकाश तिच्यावर खिडकीतून, मेणबत्तीवरून किंवा उघड्या आकाशातून एका ठरावीक दिशेने येऊन पडतो, आणि जिथवर तो पोहोचत नाही तिथे सावली उरते; म्हणजे प्रकाश हे कारण, सावली हे कार्य, आणि चित्रकाराचे कौशल्य या दोहोंमधल्या करड्या पायऱ्या डोळ्यांना खटकू न देता उतरवण्यात. लेओनार्दोपासून रेम्ब्राँपर्यंत या पायऱ्यांचे शास्त्र सूक्ष्म होत गेले. लाकडावर कोरून छापलेल्या चित्रात मात्र हा क्रम हाताच्या कामातच उलटा होतो. न कोरलेल्या फळीला शाई लावून ती कागदावर दाबली, तर उमटतो तो अखंड काळा चौकोन. त्यातून जेवढे लाकूड पटाशीने काढून टाकावे तेवढाच भाग पांढरा दिसतो. काळोख तिथे आधीपासून हजर असतो आणि उजेड एकेका घावाने मिळवावा लागतो. १९०५ ते १९२५ या सुमारे वीस वर्षांत जर्मनीतील काही चित्रकारांनी या उलट क्रमावरच व्यक्तिचित्राची उभारणी केली, आणि त्यांच्या कामाचे मोल त्यातल्या वेदनेपेक्षा, जिच्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, या उलटापालटीत अधिक आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

काष्ठमुद्राचित्र, म्हणजे कलाशाळांत ज्याला सर्रास वुडकट म्हणतात ते, हा उठाव-मुद्रणाचा प्रकार आहे. ठोकळ्याचा जो भाग उंच राहतो त्यालाच शाई लागते आणि तोच कागदावर उमटतो. यासाठी वापरायची फळी झाडाच्या वाढीच्या दिशेने, लांबीत चिरलेली असते, त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर लाकडाच्या शिरा आडव्या पसरलेल्या असतात. हत्यार शिरेच्या दिशेने सरळ धावते, शिरेला छेद देताना अडते, आणि जोर लावला तर लाकूड वेड्यावाकड्या कपच्यांनी उडते. याउलट खोडाच्या आडव्या छेदावर, बारीक कण असलेल्या कठीण लाकडात, तांब्याच्या पत्र्यावर कोरावे तशा सलाकेने कोरण्याची जी पद्धत इंग्लंडमध्ये टॉमस ब्यूइकने अठराव्या शतकाच्या अखेरीस नावारूपाला आणली, तिला वुड एन्ग्रेव्हिंग म्हणतात. तिच्यात केसाएवढ्या रेषा निघतात आणि शिरांचा अडथळा राहत नाही. अभिव्यक्तिवादी चित्रकारांनी हाताशी असलेली ही सोय नाकारली आणि अडणारी, चिरफाळणारी फळी पसंत केली, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

जुन्या जर्मन कारखान्यांत श्रमविभागणी अशी होती की चित्रकार ठोकळ्यावर शाईने रेखाटन करी आणि कोरक्या त्या रेषांच्या भोवतीचे लाकूड काढून टाकी. अल्ब्रेख्त ड्यूररचे उलरिश फार्नब्युलर या अधिकाऱ्याचे १५२२चे मोठे व्यक्तिचित्र पाहिले, तर टोपीखालचा गाल, मान, जबड्याची गोलाई हे सारे समांतर वळणदार रेषांच्या दाट-विरळ रचनेने सावलीत नेलेले दिसते, आणि दुरून पाहणाऱ्या डोळ्याला त्या रेषांच्या जागी करडी छटा भासते. काळी रेषा चित्रकाराची होती. पांढरा भाग ही कोरक्याची मजुरी होती. त्याच सुमारास वेगळ्या वाटेचाही शोध चालला होता. आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरने योस्ट द नेकर या निष्णात कोरक्याच्या मदतीने १५१२मध्ये हान्स बाउमगार्टनर याचे जे व्यक्तिचित्र छापले, त्यात काळ्या बाह्यरेषेचा वेगळा ठोकळाच नव्हता. एकाच रंगाच्या कमी-अधिक गडद छटांचे तीन ठोकळे एकावर एक छापून, आणि सर्वांत उजळ जागी कोरा कागद सोडून, चेहरा उभा केला होता. या तंत्राला इटालियन भाषेतील ‘छायाप्रकाश’ या अर्थाच्या शब्दावरून कियारोस्कुरो वुडकट म्हणतात. पण त्यातही प्रकाशाची दिशा पाळली जाते आणि सावली गालाची गोलाई समजावून सांगण्यासाठीच येते. एकोणिसाव्या शतकात सचित्र नियतकालिकांसाठी छायाचित्रांची हुबेहूब नक्कल लाकडात करणारे कारागीर तयार झाले तेव्हा या माध्यमाने आपला स्वभाव इतका दडवला होता की ते लाकूड आहे हे ओळखूही येऊ नये.

या दडपणातून ते बाहेर काढण्याचे श्रेय जर्मनांइतकेच दोन परक्यांना द्यावे लागते. पॅरिसमध्ये राहणाऱ्या स्विस फेलिक्स व्हालोटाँने १८९०च्या दशकात श्यूमान, एडगर ॲलन पो, दस्तयेव्हस्की यांची जी लहान मस्तकचित्रे कोरली, त्यांत करड्या छटेला जागाच ठेवली नाही. चेहऱ्याचा एखादा भाग सपाट काळा, उरलेला कागदाइतका पांढरा. व्हालोटाँचा काळा रंग मात्र गुळगुळीत, शहरी आणि थोडा उपहासाचा आहे. लाकूड तिथे दिसत नाही. ते दिसू लागले एडवर्ड मुंकच्या १८९६नंतरच्या मुद्राचित्रांत. त्याने फळीवरच्या शिरा शाईतून मुद्दाम उमटू दिल्या, आणि करवतीने ठोकळ्याचे तुकडे कापून, त्यांना वेगवेगळे रंग लावून, पुन्हा जोडून एकदम छापण्याची युक्ती वापरली, जी पुढे हेकेल आणि किर्शनर या जर्मन चित्रकारांनीही उचलली.

७ जून १९०५ रोजी ड्रेस्डेनमध्ये वास्तुशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनी, म्हणजे एर्न्स्ट लुडविग किर्शनर, एरिश हेकेल, कार्ल श्मिट-रोटलुफ आणि फ्रिट्झ ब्लाइल यांनी, ‘डी ब्रुके’ (पूल) या नावाचा गट स्थापन केला. चित्रकलेच्या अकादमीतील रीतसर शिक्षण त्यांच्यापैकी बहुतेकांना नव्हते, आणि करड्या छटांचे शास्त्र जिथे शिकवले जाते ती शिडी ते चढलेच नव्हते, याचा लाभ त्यांना काष्ठमुद्रेत झाला असे म्हणण्यास जागा आहे. गटाचा १९०६चा जाहीरनामा किर्शनरने लाकडातच कोरला. वर्षाला १२ मार्क वर्गणी भरणाऱ्या हितचिंतक सभासदांना मूळ मुद्राचित्रांचा संच मिळे. सप्टेंबर १९१०मध्ये ड्रेस्डेनच्या आर्नोल्ड कलादालनात प्रदर्शन भरले तेव्हा सूचिपत्रातील तैलचित्रांच्या प्रतिकृती छायाचित्राने न घेता एकाच्या चित्रावरून दुसऱ्याने लाकडात कोरल्या. पुढे बर्लिनमध्ये हेरवार्ट वाल्डेनच्या ‘डेर श्टुर्म’ आणि फ्रान्झ फेम्फर्टच्या ‘डी आक्ट्सिओन’ या नियतकालिकांनी कलावंतांचे मूळ ठोकळे अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच यंत्रात छापले. उठाव-मुद्रणाचा ठोकळा अक्षराच्या खिळ्याच्या उंचीचा केला की हे सहज जमते. काळ्या मजकुराशेजारी तितकाच काळा चेहरा छापला जाई आणि चित्राला रेखाटनाच्या नाजूकपणापेक्षा जाहिरातपत्राचा ठसका येई.

अशा मुद्राचित्रात चेहऱ्याचे नेमके काय होते, हे पाहण्यासाठी एमिल नोल्डेचे १९१२चे ‘प्रेषित’ हे चित्र घेणे सोयीचे आहे. नोल्डे १९०६-०७ या काळात ‘ब्रुके’चा सभासद होता. हे चित्र सुमारे ३२ सेंटिमीटर उंच आणि २२ सेंटिमीटर रुंद, म्हणजे वहीच्या पानाहून फार मोठे नाही. छापील पुस्तकांत ते भिंतीएवढे वाटते आणि प्रत्यक्षात हातात मावते. त्यात समोरून पाहिलेला, दाढीवाला, खोल गेलेल्या गालांचा एक चेहरा आहे. कपाळ, भुवईची कड, नाकाचा दांडा, गालाची हाडे एवढेच भाग उजळलेले असून डोळे काळ्या खोबणीत बुडालेले आहेत. दाढी आणि केस खाली व बाजूंना पार्श्वभूमीच्या काळ्यात आणि कपच्यांनी झालेल्या ओरखड्यांत मिसळतात, त्यामुळे मस्तक नेमके कुठे संपते हे सांगता येत नाही. प्रकाश कुठून आला, असा प्रश्न पारंपरिक दृष्टीने विचारला तर उत्तर मिळत नाही. वरून आला म्हणावा तर नाकाच्या दोन्ही बाजूंचे गाल असे उजळायला नको होते, आणि समोरून आला म्हणावा तर डोळे इतके काळे राहायला नको होते. जिथे हाड कातडीला आतून ताणते तिथे नोल्डेने लाकूड काढले आहे आणि जिथे चेहरा आत खचतो तिथे ते राहू दिले आहे. चित्रातील उजेड हाडांची रचना सांगतो, दिवसाची वेळ किंवा खोलीतील खिडकी सांगत नाही. दाढीचे उभे फटकारे लाकडाच्या शिरांशी इतके एकजीव झाले आहेत की कोणती रेषा नोल्डेची आणि कोणती झाडाची हे वेगळे करणे अवघड जाते.

‘प्रेषित’ हे व्यक्तिचित्र म्हणावे की नाही, हा वाद इथे बाजूला ठेवता येण्यासारखा नाही. त्यासाठी नाव असलेले कुणी समोर बसलेले नाही. नोल्डे १९०९पासून धार्मिक विषय रंगवत होता आणि हे मस्तक त्याच ओढीतून आलेले आहे. तरीही व्यक्तिचित्राचा हक्क ते सांगते, कारण व्यक्तिचित्रात पाहणाऱ्याला जे हवे असते, म्हणजे समोर कुणीतरी एक माणूस आहे आणि तो दुसरा कुणी नाही ही खात्री, ती यात पुरेपूर मिळते. उलट त्याच काळातील कित्येक नामांकित व्यक्तींच्या काष्ठमुद्रांत नाव आहे, साम्य आहे, पण माणूस नाही. साम्य हे बाह्यरेषेने साधते आणि बाह्यरेषा हीच या माध्यमातली सर्वांत सोपी गोष्ट आहे.

इथे एक रूढ समजूत तपासून घ्यावी लागते. अभिव्यक्तिवादी चेहऱ्यांतील कोन, टोकदार हनुवट्या, फाटल्यासारख्या कडा यांचा थेट अर्थ आंतरिक यातना असा लावण्याची सवय समीक्षेत मुरलेली आहे. तो अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. लांबीत चिरलेल्या फळीवर वर्तुळाकार गाल कोरायचा झाला तर चारही बाजूंना शिरांशी झुंजावे लागते, आणि ज्या कोरक्याला ती झुंज लपवायची नसते त्याच्या हातून गाल आपोआप तीन-चार सरळ घावांचा, कोनांचा बनतो. यातनेच्या आधी तिथे पटाशी आणि लाकूड यांच्यातला व्यवहार असतो. कलावंताचे मोठेपण त्या व्यवहारातून जे निघाले त्याला चेहऱ्याचा अर्थ देण्यात आहे. ज्या सामान्य अनुकरणकर्त्यांनी १९१८नंतर जर्मनीत टोकदार चेहऱ्यांचा अक्षरशः पाऊस पाडला, त्यांच्या चित्रांत कोन आहेत, पण कोन का झाला याचे कारण लाकडात सापडत नाही.

हे कारण सर्वांत सजगपणे शोधणारा किर्शनर होता, आणि या विषयावर सर्वांत जास्त बोलणाराही तोच. १९१३मध्ये त्याने गटाचा जो वृत्तान्त लिहिला त्यात काष्ठमुद्रेच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय स्वतःला आणि न्युर्नबर्गमध्ये पाहिलेल्या जुन्या मुद्राचित्रांना दिले. सोबत्यांना तो वृत्तान्त मान्य झाला नाही आणि त्याच वर्षी गट विसर्जित झाला. १९२०च्या दशकात त्याने लुई द मार्साल नावाचा एक फ्रेंच टीकाकार कल्पून त्याच्या नावाने स्वतःच्या मुद्राचित्रांची प्रशंसा लिहिली आणि पुढे सोय संपल्यावर त्या टीकाकाराला मृतही घोषित केले. या खटाटोपाकडे हसून पाहावे, पण त्या लेखनातील तांत्रिक निरीक्षणे मोलाची आहेत, कारण ती ठोकळा स्वतः कोरणाऱ्या आणि स्वतः छापणाऱ्या माणसाची आहेत.

किर्शनरच्या १९१५च्या ‘पेटर श्लेमील’ या रंगीत काष्ठमुद्रामालिकेत सावली हाच विषय आहे. आडेलबर्ट फोन शामिसोच्या १८१४च्या कथेत श्लेमील नावाचा गरीब तरुण कधीच रिकामी न होणाऱ्या सोन्याच्या थैलीच्या बदल्यात आपली सावली एका करड्या कोटवाल्या माणसाला विकतो. तो माणूस ती जमिनीवरून उचलून, गुंडाळून नेतो, आणि मग सावली नसलेल्या श्लेमीलला लोक वाळीत टाकतात. किर्शनरला १९१५मध्ये हाले येथे तोफखान्यात सैनिकी शिक्षणासाठी जावे लागले आणि त्यातून तो शरीराने व मनाने मोडून परतला. एका पत्रात त्याने या मालिकेचे वर्णन छळाच्या भयाने पछाडलेल्या माणसाचे जीवनचरित्र असे केले, आणि त्यातील श्लेमीलचे नाकडोळे त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याशी जुळणारे आहेत. ही मालिका आत्मचरित्र म्हणून वाचली जाते ते योग्यच आहे. परंतु माध्यमाच्या अंगाने पाहता तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. तैलचित्रात माणूस आणि त्याची सावली या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी असतात. एक वस्तू, दुसरी वस्तूचा अभाव. लाकडात तसा भेद करता येत नाही, कारण माणसाचे अंग आणि त्याची सावली दोन्ही न कोरलेल्या लाकडाचीच बनतात, दोन्हींना सारखीच शाई लागते आणि दोन्ही कागदावर सारख्याच जोराने दाबल्या जातात. शामिसोच्या कथेत सावली ही उचलून नेता येण्यासारखी, विकाऊ वस्तू आहे, ही जी अद्भुत कल्पना आहे ती काष्ठमुद्रेत अद्भुत राहतच नाही. शेवटच्या भागात श्लेमील उन्हात आपल्या सावलीला गाठू पाहतो तेव्हा दोघांपैकी खरा कोण, हे चित्र पाहून ठरवता येत नाही.

१९१७मध्ये किर्शनर स्वित्झर्लंडमध्ये, क्रॉइत्सलिंगेन येथील लुडविग बिन्स्वांगर यांच्या बेलव्ह्यू या मनोरुग्णालयात दाखल झाला, आणि तिथे त्याने डॉक्टर, परिचारक आणि सहरुग्ण यांचे चेहरे लाकडात कोरले. त्याला तिथे जाण्यास मदत करणारा बेल्जियन वास्तुकार हेन्री व्हान द व्हेल्ड याचेही १९१७चे व्यक्तिचित्र आहे. त्यापुढच्या वर्षीचे फ्रांकफुर्टचे कलाविक्रेते लुडविग शामेस यांचे व्यक्तिचित्र या साऱ्यांत उजवे ठरते. उंच, अरुंद आकाराच्या या चित्रात वृद्ध शामेस यांची लांब दाढी आणि सुरकुत्या बारीक पांढऱ्या-काळ्या रेषांच्या दाट विणीत उतरल्या आहेत, आणि पूर्वीच्या सपाट काळ्या पट्ट्यांऐवजी इथे उजेड झिरपत येतो. ड्यूररच्या रेषांची आठवण इथे होते, पण भेद हा की ड्यूररच्या रेषा गालाची गोलाई सांगतात, तर शामेसच्या चेहऱ्यावरील रेषा वयाच्या आहेत, आणि जितक्या सुरकुत्या तितके उजेडाचे घाव असा हिशेब आहे. सुरकुती पांढरी कोरण्याचे हे धाडस इतरांना फारसे साधले नाही.

कार्ल श्मिट-रोटलुफच्या वाटेला सूक्ष्मता आलीच नाही आणि त्याला ती नकोही होती. रशियन आघाडीवर तीन वर्षे काढून परतल्यावर कुर्ट वोल्फ प्रकाशनाने १९१८मध्ये काढलेल्या नऊ काष्ठमुद्रांच्या संचात त्याने ख्रिस्ताचे जे मस्तक कोरले, त्यात एक डोळा उघडा आणि दुसरा जवळजवळ मिटलेला आहे, कपाळावर १९१८ हा आकडा आहे, आणि खाली, ख्रिस्त तुम्हाला दिसला नाही काय, अशा आशयाची ओळ ठोकळ्यातच उलट्या अक्षरांत कोरून छापली आहे. पारंपरिक ख्रिस्तचित्रात मस्तकाभोवती प्रभामंडळ असते, म्हणजे प्रकाश चेहऱ्यातून बाहेर जातो; इथे किरणांसारखे जे घाव मस्तकाभोवती आहेत ते चेहऱ्यावरील घावांहून वेगळ्या हाताने केलेले वाटत नाहीत, आणि साल कपाळावर कोरलेले असल्यामुळे तेही जखमेसारखेच दिसते. या मस्तकाची रचना, जाड ओठ, लांब सपाट नाक, आफ्रिकी लाकडी मुखवट्यांवरून आलेली आहे, हे उघड आहे. ‘ब्रुके’च्या मंडळींनी ड्रेस्डेनच्या मानववंशशास्त्रीय संग्रहालयात आफ्रिका आणि प्रशांत महासागरातील बेटांवरच्या कोरीव वस्तू पाहिल्या होत्या, आणि त्या वस्तू तिथे वसाहतींच्या मार्गाने पोहोचल्या होत्या, ज्यांच्या लाकूडकामातून ही दृष्टी शिकली त्यांचे नाव-गाव विचारण्याची गरज त्यांना भासली नाही, ही उणीव त्यांच्या कलेच्या मूल्यमापनात मांडली गेलीच पाहिजे.

एरिश हेकेलने रंगाचा वापर करून वेगळा प्रश्न उभा केला. युद्धकाळात तो फ्लांडर्समध्ये वैद्यकीय सेवेत होता. १९१८-१९चे त्याचे ‘पुरुषाचे व्यक्तिचित्र’, जे आत्मचित्रच आहे, त्यात ओढलेला लांबट चेहरा हिरवट छटेचा आहे. कागदाचा पांढरा रंग ज्या ठिकाणी असायला हवा तिथे हिरवा आल्यामुळे उजेडालाच आजार झाल्यासारखे वाटते. काळ्या-पांढऱ्या काष्ठमुद्रेत उजेड म्हणजे कोरा कागद, आणि म्हणून तो काही झाले तरी निर्मळ राहतो. हेकेलने ती निर्मळताही काढून घेतली. याच सुमारास, फेब्रुवारी १९२०मध्ये, रोबर्ट वीने दिग्दर्शित ‘डॉ. कॅलिगरी’ हा मूकपट बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला, ज्याच्या नेपथ्यावर सावल्या दिव्याने न पाडता रंगाने रंगवल्या होत्या. त्या चित्रपटाची तुलना काष्ठमुद्रांशी नेहमी केली जाते आणि त्यात तथ्य आहे, मात्र रंगवलेली सावली अखेर रंगवलेलीच राहते, कोरण्यातला प्रतिकार तिच्यात नसतो.

केटे कोलविट्झ या ‘ब्रुके’च्या पिढीहून वयाने मोठ्या, १८६७च्या, आणि ‘विणकरांचा उठाव’ (१८९३-९७) व ‘शेतकऱ्यांचे युद्ध’ या मुद्राचित्रमालिकांमुळे आधीच मान्यता पावलेल्या. आम्लाने तांबे खाववून तयार होणाऱ्या धातुमुद्रेत करड्या छटांच्या हजार पायऱ्या मिळतात आणि त्या सर्व त्यांच्या हातच्या होत्या. ऑक्टोबर १९१४मध्ये त्यांचा धाकटा मुलगा पेटर फ्लांडर्समध्ये मारला गेला. १५ जानेवारी १९१९ रोजी क्रांतिकारक नेते कार्ल लीबक्नेख्त यांची हत्या झाली आणि कुटुंबीयांच्या विनंतीवरून कोलविट्झ यांनी शवागारात जाऊन त्यांची रेखाटने केली. स्मृतिचित्राचा प्रयत्न त्यांनी आधी धातूवर, मग दगडावर, म्हणजे शिलामुद्रणाने, केला आणि दोन्ही सोडून दिले. जून १९२०मध्ये प्रदर्शनात एर्न्स्ट बार्लाखची काष्ठमुद्राचित्रे पाहिल्यावर त्यांनी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, लाकूड हाती घेतले. त्या स्मृतिचित्रात खाली आडवे, पांढऱ्या कफनातील प्रेत आणि त्याच्यावर झुकलेली कामगारांची काळी गर्दी आहे. मृताच्या मस्तकाभोवती बारीक पांढऱ्या रेषा आहेत आणि झुकलेल्या चेहऱ्यांवर त्याच रेषांचा उजेड पडला आहे.

हा ‘पडलेला’ उजेड महत्त्वाचा आहे, कारण नोल्डे किंवा श्मिट-रोटलुफ यांच्या चित्रांत तो कुठूनही पडत नाही. कोलविट्झ यांच्या चित्रात तो मृत माणसाकडून जिवंतांकडे जातो. त्याला पुन्हा दिशा आली आहे, उगम आला आहे. अनेक वर्षांच्या धातुमुद्रणाने हाताला लागलेली सवय म्हणूनही याचे स्पष्टीकरण देता येईल, आणि माध्यमशुद्धीचे आग्रही त्यांच्या समांतर बारीक रेषांना लाकडाशी प्रतारणा मानतात. तो आग्रह एकांगी आहे. काळोख आधीचा आणि उजेड नंतरचा हा काष्ठमुद्रेचा नियम कोलविट्झ यांनी इतरांइतकाच पाळला. फक्त त्या उजेडाचा मालक कोण, हे त्यांना सांगायचे होते. १९२१-२२मध्ये कोरलेल्या आणि १९२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युद्ध’ या सात काष्ठमुद्रांच्या मालिकेत त्या याच्याही पुढे गेल्या. ‘आईबाप’ या चित्रात गुडघे टेकून एकमेकांत कोसळलेल्या जोडप्याचा एकही चेहरा दिसत नाही. वडिलांनी तो हाताने झाकला आहे, आईने त्यांच्या अंगात लपवला आहे, आणि उरतो तो एक काळा, जड, दुःखाच्या आकाराचा ठोकळा, ज्याच्या घड्यांवर तुरळक उजेड आहे. व्यक्तिचित्राची सारी ओळख चेहऱ्यावर उभी असताना ही दोन माणसे पाठीवरून ओळखता येतात. त्यानंतरच्या १९२३-२४च्या त्यांच्या काष्ठमुद्रित आत्मचित्रांत मात्र चेहरा परत येतो: बाह्यरेषा नाही, भुवईचा कठडा, नाक, गाल यांवर मोजके पांढरे घाव, आणि बाकी सर्व काळ्यात. आयुष्यात त्यांनी विविध माध्यमांत शंभराच्या आसपास आत्मचित्रे केली. त्यांपैकी सर्वांत कमी सांगणारी आणि म्हणून सर्वांत जास्त पाहायला लावणारी ही आहेत.

काळ्या-पांढऱ्याच्या या कठोर भाषेला नैतिक बाजू चिकटवण्याचा मोह इथे होतो, विशेषतः पुढच्या घटना ठाऊक असल्यामुळे. कोलविट्झ यांना १९३३मध्ये प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडावे लागले. किर्शनरच्या सहाशेहून अधिक कलाकृती जर्मन संग्रहालयांतून जप्त झाल्या, जुलै १९३७मध्ये म्युनिकला भरलेल्या ‘अवनत कला’ या नाझी प्रदर्शनात त्याच्या चित्रांची विटंबना झाली आणि १५ जून १९३८ रोजी त्याने स्वित्झर्लंडमध्ये आत्महत्या केली. परंतु याच प्रदर्शनात ज्याची चित्रे टांगली गेली आणि ज्याच्या हजाराहून अधिक कलाकृती जप्त झाल्या तो नोल्डे नाझी पक्षाचा सभासद होता आणि यहुदीद्वेष्टाही होता. ‘प्रेषित’ कोरणारा हात आणि ती मते एकाच माणसाची होती. खोल काळी खोबण आणि त्यात बुडालेला डोळा यांतून कोरणाऱ्याच्या सदसद्विवेकाचा पुरावा काढू पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

जर्मनीत दडपलेली ही भाषा आशियात मात्र पोहोचली होती. १९३१मध्ये चिनी लेखक लू शुन यांनी आपल्या तरुण लेखकमित्राच्या हत्येनंतर कोलविट्झ यांच्या ‘युद्ध’ मालिकेतील ‘बलिदान’ हे चित्र शांघायच्या नियतकालिकात छापवले, त्याच वर्षी काष्ठमुद्रेचा एक लहान वर्ग भरवला, आणि १९३६मध्ये कोलविट्झ यांच्या मुद्राचित्रांची निवड प्रसिद्ध केली. भारतातील डाव्या चळवळीशी जोडलेल्या चित्रकारांपैकी बंगालचे चित्तप्रसाद १९४६पासून मुंबईत राहिले आणि अंधेरीत बसून त्यांनी लिनोलियमवर कोरलेली मुद्राचित्रे केली. ‘परीकथा नसलेले देवदूत’ या मालिकेतील राबणाऱ्या मुलांचे चेहरे त्यांचेच. लिनोलियम, म्हणजे जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा यांपासून केलेला जमिनीवर अंथरण्याचा पत्रा, यात शिरा नसतात. हत्यार सर्व दिशांना सारखेच धावते, वर्तुळ आणि कोन दोन्हींना सारखाच जोर लागतो. त्यामुळे चित्तप्रसाद यांच्या मुलांच्या गालांवरील पांढरे घाव गोल, वाहते आणि लयदार आहेत, आणि नोल्डे किंवा श्मिट-रोटलुफ यांच्याकडे लाकडाने लादलेला जो कोन दिसतो तो त्यांच्याकडे फक्त तिथेच येतो जिथे मुलाच्या अंगावरचे हाड वर आलेले आहे.